एमबीबीएसची सीट मिळाली. बाहेरच्या पोस्टिंगचं काय?

‘नीट’चा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये फ्लेक्स लागतात. विहारात सत्कार होतो, पेढे वाटले जातात आणि समाजाला वाटतं, पोरगी डॉक्टर झाली. पुढची साडेपाच वर्षं तिला कुणी फारसं काही विचारत नाही. डॉक्टरांच्या घरातली तिची वर्गमैत्रीण या काळात काय करते, ते मात्र पाहण्यासारखं आहे. बाहेरच्या कुठल्या हॉस्पिटलात, कुणाच्या हाताखाली चार आठवडे काढायचे, हे तिच्या घरात तिसऱ्या वर्षापासून ठरत असतं. काका फोन करतात, वडिलांचा बॅचमेट ‘पाठव की’ म्हणतो आणि काम होतं. यात बेकायदेशीर काही नाही. पण ज्या घरात असा फोन करणारं कुणीच नाही, तिथल्या मुलीने काय करायचं?

आरक्षणाने आपल्याला कॉलेजात नेलं. तिथून दुसऱ्या संस्थेत काही आठवडे शिकायला जाण्यासाठी राखीव जागा नाहीत, मेरिट लिस्ट नाही, बहुतेक वेळा नोटीसही नाही. माहिती तोंडी फिरते, आणि ती कुणाच्या घरी पोचते हे सांगायला नको. समाजशास्त्रात याला सामाजिक भांडवल म्हणतात. आपल्याकडे ओळख म्हणतात.

आधी आपल्याकडचे नियम पाहू. 2019 साली एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला, तेव्हा विद्यार्थ्याने आवडीचा विषय निवडून शिकावा म्हणून दोन महिन्यांचं ‘इलेक्टिव्ह’ आलं. पहिला भाग प्रयोगशाळेत किंवा एखाद्या संशोधनात, दुसरा क्लिनिकल विभागात किंवा ग्रामीण अथवा शहरी आरोग्य केंद्रात, देखरेखीखाली. पुढे हा काळ एका महिन्यावर आणला गेला. कल्पना चांगली होती. गडचिरोलीतल्या मुलाला मोठ्या शहरातला अतिदक्षता विभाग पाहता यावा, मुंबईतल्या मुलाला आदिवासी भागातला दवाखाना कळावा, असं यातून होऊ शकलं असतं. मी ज्या विद्यार्थ्यांबरोबर काम करते, त्यांच्यातल्या बहुतेकांसाठी मात्र इलेक्टिव्ह म्हणजे आपल्याच कॉलेजात नेमून दिलेला विभाग आणि लॉगबुकवरची सही. बाहेर जायची परवानगी मागता येते का, हे विचारायचं धाडसच अनेकांना होत नाही. इंटर्नल मार्क ज्यांच्या हातात, त्यांच्याच केबिनमध्ये जाऊन वेगळं काही मागायचं, याची भीती काय असते हे आपल्या मुलांना सांगावं लागत नाही.

आता अमेरिका. तिथे रेसिडेन्सीला, म्हणजे पदव्युत्तर प्रशिक्षणाला, जायचं तर ‘स्टेप’ परीक्षा द्याव्या लागतात. जानेवारी 2022 पासून ‘स्टेप 1’ला गुण देणं बंद झालं, आता फक्त पास किंवा नापास. गुणांमागची जीवघेणी धावपळ कमी व्हावी, हा त्यामागचा एक हेतू होता आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. पण बिनओळखीच्या, परदेशी विद्यार्थ्याकडे दाखवायला होतं काय? तोच आकडा. तो गेल्यावर उरला ‘स्टेप 2’चा स्कोअर, आणि वजन वाढलं ते तिथल्या डॉक्टरच्या शिफारसपत्राचं. असं पत्र मिळवायचं तर तिथल्या हॉस्पिटलात काही आठवडे काम केलेलं हवं. आकडा काढला की जागा ओळखीला मिळते. ‘मेरिट’वर आपल्याला रोज प्रवचन ऐकवणाऱ्यांनी हेही कधी तपासावं.

खरी मेख आहे वेळेची. विद्यार्थी असताना तिथे ‘क्लिनिकल इलेक्टिव्ह’ करता येतं: पेशंटची हिस्टरी घेणं, तपासणं, राउंडला केस मांडणं. एकदा पदवी हातात पडली की बहुतेक मोठ्या संस्थांत हा मार्ग बंद होतो. मग उरते ‘ऑब्झर्व्हरशिप’, म्हणजे कोपऱ्यात उभं राहून नुसतं पाहणं. अशा पाहण्यावर मिळालेल्या पत्राला किंमत कमी. आमच्याकडे येणारी मुलं अमेरिकेचं विचारतात ती इंटर्नशिप संपत आल्यावर. हुशारीत कमी नसतात, पण तोवर गाडी सुटलेली असते. हा एकच मुद्दा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या मुलांपर्यंत पोचला, तरी मोठं काम होईल.

अर्जाची यंत्रणाही समजून घ्यावी. अमेरिकन वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेचं ‘व्हीएसएलओ’ नावाचं ऑनलाइन पोर्टल आहे. त्यातून अर्ज करायचा तर आपलं कॉलेज तिथे सदस्य असावं लागतं. सदस्य व्हायचं की नाही हे विद्यार्थी नाही, प्रशासन ठरवतं. काही संस्था थेट अर्जही घेतात. कागद मात्र सगळीकडे जवळपास तेच: डीन ऑफिसचं पत्र, गुणपत्रकं, लसीकरणाची नोंद, क्षयरोगाची चाचणी, आरोग्य विमा, वैद्यकीय चुकीच्या दाव्यासाठीचा विमा. हे जमवायला महिने लागतात. व्हिसा सहसा बी-1 लागतो. कॉलेजच्या शिक्षणाचा भाग म्हणून, तिथल्या मेडिकल स्कूलच्या हॉस्पिटलात, बिनपगारी इलेक्टिव्ह करणाऱ्या विद्यार्थ्याला तो मिळू शकतो. ‘फिरायला चाललोय’ असं सांगून जाण्याचा सल्ला देणारे एजंट आहेत. त्यांच्यापासून दूर राहा.

एजंटांवरून आणखी एक. आपल्या समाजातली अनेक मुलं कर्ज काढून, शेत विकून रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जियात एमबीबीएसला गेली आहेत. भारताच्या 2021च्या नियमांनुसार, 18 नोव्हेंबर 2021 नंतर प्रवेश घेतलेल्यांनी संपूर्ण शिक्षण आणि तिथली इंटर्नशिप त्याच देशात, त्याच संस्थेत पूर्ण करायची आहे. त्यातला कुठलाही भाग भारतात किंवा तिसऱ्या देशात केला, तर मायदेशी नोंदणीच धोक्यात येते. तरीही ‘शेवटची रोटेशन भारतात करा’, ‘अमेरिकेत करून देतो’ अशी पॅकेजं विकली जातात. अशा मुलांच्या पालकांना हे आजच सांगा, निकालानंतर नाही.

पैशाचं काय? परदेशी विद्यार्थ्यांकडून अनेक संस्था चार आठवड्यांचे हजारो डॉलर घेतात. विमान, भाडं, विमा वेगळा. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज या पदव्युत्तर पदवी आणि पीएचडीसाठी आहेत. एमबीबीएस करता करता महिनाभर जाणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी अल्पकालीन इलेक्टिव्हचं अनुदान सुरू करा, देशातल्यासाठी आधी आणि परदेशातल्यासाठी नंतर, ही मागणी समाजकल्याण विभागाकडे आणि बार्टीकडे लावून धरायला हवी. परदेश शिष्यवृत्तीच्या मानाने खर्च किरकोळ आहे.

काही कार्यकर्ते विचारतील, गावात डॉक्टर नाहीत आणि तुम्ही पोरांना अमेरिकेला पाठवायला निघालात? त्यातच आता नव्या एच-1बी अर्जांवर सप्टेंबर 2025 पासून एक लाख डॉलर शुल्क लागलं आहे, मग जायचंच कशाला? शुल्काबाबत एवढंच, की रेसिडेन्सीला जाणारे बरेच परदेशी डॉक्टर जे-1 व्हिसावर जातात. आणि गावाचा प्रश्न खरा आहे, पण तो डॉक्टरांच्या मुलांना कुणी विचारत नाही. जायचं की राहायचं हे ठरवण्याचा हक्क त्यांना आहे, तसा आपल्यालाही हवा. शिवाय कर्करोग शिकायला टाटा मेमोरियलला किंवा ग्रामीण आरोग्य समजून घ्यायला हेमलकशाला जायचं असेल, तरी अडचण तीच आहे: विचारायचं कुणाला?

प्रत्येक शासकीय कॉलेजातल्या आपल्या विद्यार्थी संघटनेने डीन ऑफिसला एक साधा लेखी अर्ज द्यावा. इलेक्टिव्हची यादी कुठे आहे, बाहेर जायची परवानगी कोण देतं, गेल्या तीन वर्षांत किती जणांना दिली, निवड कशावर झाली? उत्तर आलं नाही तर हेच प्रश्न माहिती अधिकारात, दहा रुपयांच्या स्टॅम्पसह. आणि समाजातले जे डॉक्टर आज मोठ्या हॉस्पिटलांत, इथे किंवा परदेशात, नोकरी करतात, त्यांच्याकडे 14 एप्रिलच्या वर्गणीआधी एक मागावं: वर्षातून दोन विद्यार्थी चार आठवडे आपल्या युनिटमध्ये घ्या.