सुखाचा आंस

सुख हा शब्द आपल्या तोंडीं दिवसांतून दहा वेळां येतो. परंतु तो मूळचा रथ घडविणाऱ्याच्या अंगणांतला आहे, हें थोड्यांच्याच ध्यानीं असतें. ऋग्वेदांत 'सुख' हें रथाचें विशेषण म्हणून येतें. ऋभूंनीं अश्विनीकुमारांसाठीं जो रथ घडविला, त्यालाहि सूक्तकारानें 'सुख' असेंच म्हटलें आहे. 'ख' म्हणजे छिद्र. चाकाच्या तुंब्यांतील ज्या छिद्रांतून आंस जातो, तें छिद्र चांगलें असेल तर तो रथ 'सुख', असा अर्थ पुष्कळ विद्वानांनीं लावला आहे. कांहीं पंडित ही व्युत्पत्ति 'सुस्थ' शब्दाकडे नेतात. तो वाद पंडितांकडे सोंपवूं. संसारी मनुष्यास पहिला अर्थच अधिक उपयोगी आहे.

कारण त्या अर्थांत रस्त्याचा उल्लेखच नाहीं. बैलगाडी ज्यांनीं हांकली आहे त्यांस ठाऊक असेल कीं, आंसाला वंगण नसलें म्हणजे सपाट सडकेवरहि चाक करकरतें आणि बैल दमतात. वंगण असलें म्हणजे तीच गाडी खांचखळग्यांतूनहि निभावून नेतां येते. आपण मात्र जन्मभर रस्ताच बांधीत बसतों. मुलाला नोकरी लागली म्हणजे सुख, मुलीचें लग्न झालें म्हणजे सुख, स्वतःचें घर झालें म्हणजे सुख! रस्ता बांधूं नये असें नाहीं. दारिद्र्य आणि दुखणें यांचे खड्डे बुजविलेच पाहिजेत. परंतु रस्ता झाला म्हणजे आंसाची करकर आपोआप थांबेल, ही समजूत खोटी आहे.

अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ फिलिप ब्रिकमन व त्यांचे दोन सहकारी यांनीं १९७८ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासांत, सोडतींत मोठी रक्कम मिळालेल्या २२ जणांना त्यांच्या सुखाविषयीं विचारलें होतें. इतर सामान्य माणसांहून तीं माणसें विशेष सुखी आढळलीं नाहींत. उलट मित्राशीं बोलणें, सकाळची न्याहारी, एखादा विनोद ऐकणें, असल्या नित्याच्या गोष्टींपासून होणारा आनंद त्यांनीं कमीच सांगितला. बावीस माणसांवरून सिद्धांत ठोकूं नये हें खरें. पण आपल्या आळींतील चार घरें आठवून पाहिलीं, तर यांत नवल वाटण्यासारखें फारसें कांहीं नाहीं.

आतां, सुशिक्षित घरांच्या आंसांत खडा शिरतो तो कोणता? माझ्या मतें, तुलनेचा. शाळेंत निकालाच्या दिवशीं हें मीं अनेक वर्षें पाहिलें. एखादा मुलगा ८७ टक्के गुण मिळवून बापाकडे धांवत येई. बापाचा चेहरा उजळे. मग तो विचारी, "पहिला कोण आला? त्याला किती मिळाले?" उत्तर ऐकतांच तो उजळलेला चेहरा मावळे. गुणांतील एकहि गुण कमी झालेला नसे. पण मुलगा कागदाची घडी करून खिशांत ठेवी. पुढें पगार, घर, परदेशीं गेलेलीं मुलें यांवरून हीच मोजणी चालते. आणि त्या घडीचें काय होतें? मुलगा चाळीस वर्षांचा होतो, कर्ता होतो. पण आपला आनंद घरीं आणून दाखविण्याची त्याची संवय कधींच मोडलेली असते. मग वडील म्हणतात, "मुलगा आमच्याशीं कांहीं बोलत नाहीं."

यावर पतंजलींनीं योगसूत्रांच्या पहिल्याच पादांत उपाय सांगितला आहे. चित्त प्रसन्न होण्यासाठीं सुखी लोकांविषयीं मैत्री, दुःखितांविषयीं करुणा, पुण्यवंतांविषयीं मुदिता आणि पापी लोकांविषयीं उपेक्षा, या चार भावना ठेवाव्या, असें ते सांगतात. येथें क्रम पाहण्यासारखा आहे. पहिलें नांव दुःखिताचें नसून सुखी मनुष्याचें आहे! दुःखितावर दया करणें तितकेंसें अवघड नाहीं. त्या वेळीं आपण वरच्या पायरीवर उभे असतों. शेजाऱ्याच्या सुखाशीं मैत्री करणें हेंच खरें अवघड. तिनें चित्तांतील ईर्ष्येचा मळ धुतला जातो, असें वाचस्पतिमिश्र आपल्या टीकेंत स्पष्ट करतात.

हें वाचून साधत नाहीं, अभ्यासानें साधतें. गीतेच्या अठराव्या अध्यायांत सात्त्विक सुखाचें लक्षणच असें दिलें आहे कीं, तें अभ्यासानें गोड होतें. आरंभीं विषासारखें लागतें, परिणामीं अमृतासारखें. तेव्हां अभ्यास लहानच धरावा. शेजारी पेढे घेऊन आले तर दारांतच 'अभिनंदन' म्हणून त्यांची बोळवण करूं नये. त्यांस बसवून घ्यावें, मुलानें अभ्यास कसा केला तें पुसावें, आणि पेढा त्यांच्यादेखत खावा. घरच्या मुलाचा निकाल लागला तर त्या दिवशीं दुसऱ्या कोणाचेहि गुण विचारूं नयेत. रात्रीं जेवतांना प्रत्येकानें आज घडलेली एक बरी गोष्ट सांगावी, आणि इतरांनीं तिला 'पण' जोडूं नये. पहिले आठ दिवस हें कृत्रिम वाटेल, वाटूं द्यावें.

वंगण कांहीं एकदां घालून जन्मभर पुरत नाहीं. शहाणा गाडीवान तें वरचेवर घालतो, आणि चाक करकरूं लागण्यापूर्वींच घालतो.