आधी पाणी दाखवा, मग पावती फाडा



शीळफाट्यावर उभं राहिलं की एक रस्ता मुंब्र्याकडून ठाण्याला जातो, एक कल्याणला, एक महाप्यावरून नवी मुंबईला. तीन महानगरपालिका हाकेच्या अंतरावर. आणि नळ कोरडा. कल्याण-शीळ रस्त्याच्या कडेनं बारवीचं पाणी घेऊन एमआयडीसीची जाडजूड पाइपलाइन जाते. ती फुटली की पेपरात बातमी येते, लाखो लिटर पाणी वाया. वाया कसलं? त्या दिवशी आपली पोरं पोटभर आंघोळ करतात.

अशा जागी आपल्याला फुकटे म्हणतात. टीव्हीवर म्हणतात, लोकलमध्ये म्हणतात. झोपडपट्टीवाले घरपट्टी भरत नाहीत आणि शहर मात्र वापरतात म्हणे. 2025 च्या फेब्रुवारीत मुंबई महापालिकेनं अर्थसंकल्पात झोपडपट्टीतल्या व्यवसायाच्या गाळ्यांवर मालमत्ता कर लावायची गोष्ट काढली. अंदाजे 50 हजार गाळे, 350 कोटी रुपये. गाळा म्हणजे काय, तर पुढं वड्याची कढई आणि मागं बाळंतीण झोपलेली. कढईला कर बसला तर बाळंतिणीला छप्पर कायद्याचं मिळणार का, यावर एक शब्द नाही.

महापालिकांना पैसा लागतो, हे आपण नाकारत नाही. जकात गेली, एलबीटी गेला, 2017 साली जीएसटी आला आणि पालिकेच्या हातात स्वतःचं म्हणावं असं मोठं उत्पन्न घरपट्टीचंच उरलं. मग नजर घराकडं वळणारच. पण कोणाच्या घराकडं आणि कशाच्या बदल्यात? वाद इथं आहे.

डोंबिवलीच्या बाजूची 27 गावं बघा. 1983 साली कल्याण महापालिकेत घातली, 2002 साली काढली, 2015 साली परत घातली. 2020 मध्ये त्यातली 18 बाहेर काढायचं ठरलं, तर हायकोर्टानं ते रद्द केलं. माणसं आहेत का पत्त्यांचा जोड? गावकरी ओरडले की घरपट्टी दहापट झाली आणि पाणी होतं तेवढंच राहिलं. खरं आहे त्यांचं. शीळफाट्याच्या दुसऱ्या अंगाची 14 गावं 2007 साली नवी मुंबईतून बाहेर पडली. बाहेर राहून ना रस्ता ना पाणी, म्हणून शेवटी परत आत जायची मागणी त्यांनाच करावी लागली. आत गेलं तर कर मारतो, बाहेर राहिलं तर तहान मारते.

गावकऱ्यांच्या मोर्चात आपण जावं. पण जाताना एक विचारावं, की मागण्यांच्या कागदावर भाडोत्री कुठं आहे? या गावांतल्या चाळींत पाच-पाच जण एका खोलीत राहणारा आपला माणूस आहे. बिल्डरचा गवंडी, कंपनीतला कंत्राटी, धुणंभांडी करणारी बाई. घराला वर्षाचं भाडं किती येईल याचा अंदाज धरायचा, दुरुस्तीचे दहा टक्के वजा करायचे, उरतं ते करयोग्य मूल्य. जुन्या पद्धतीचा हिशेब असा भाड्यावरच उभा आहे. बिल येतं मालकाच्या नावानं आणि पुढच्या महिन्यात भाडं वाढतं. कर भरतो भाडोत्री, पावती मालकाच्या कपाटात. उद्या रेशनकार्डाला, शाळेला, पुनर्वसनाला पुरावा मागितला की याच्या हातात काही नाही. भरूनसुद्धा हा फुकटाच!

आता शास्तीचं ऐका. महापालिका कायद्यात 267-अ कलम आहे. बेकायदा बांधकामाला घरपट्टीच्या दुप्पट दंड, तोही दरवर्षी, ही त्याची मूळ तरतूद. लहान घरांना पुढं थोडी ढील दिली. पिंपरी-चिंचवडच्या लोकांनी वर्षानुवर्षं बोंब मारली तेव्हा 2023 साली तिथली शास्ती माफ झाली. पण त्याच कलमात गोम आहे: दंड भरला म्हणून बांधकाम कायदेशीर झालं असं समजू नये. म्हणजे पैसे घेताना तुझं घर घर आहे आणि पाडताना ते घर नव्हतंच.

आणि हे पाडणं काय असतं ते शीळला कोणी शिकवायला नको. 4 एप्रिल 2013. लकी कंपाउंड. चढत्या मजल्यांखाली माणसं राहत होती, 74 जण गेली. बिल्डरबरोबर पालिकेचे अधिकारी आणि पोलीसही पकडले गेले, म्हणजे इमारत उभी राहताना कोणाकोणाला दिसत होती ते कळलं. 2025 च्या जूनमध्ये याच शीळमधल्या 17 इमारती पाडायचा हुकूम हायकोर्टानं दिला, सुप्रीम कोर्टानं हात घालायला नकार दिला. ऐन पावसात पोरंबाळं रस्त्यावर. बेकायदा इमारत राहावी असं आम्ही म्हणत नाही, आम्ही 74 मढी बघितलीत. पण पहिल्या मजल्याच्या स्लॅबला जो डोळे मिटून बसला त्याला शास्ती कुठल्या कलमानं?

आता त्याच रस्त्यावर पुढं चला, पलावा लागतं. एकात्मिक नगर वसाहतीला मालमत्ता करात 66 टक्के सवलत द्यायची तरतूद आहे आणि तिथले रहिवासी ती मिळावी म्हणून भांडले. कारण काय? तर वसाहत आपले रस्ते, आपलं पाणी, आपला कचरा स्वतः बघते, पालिकेवर बोजा टाकत नाही. ठीक. मग आपली वस्ती काय करते? टँकरचं पाणी स्वतःच्या पैशानं आणते. गटार स्वतः खणते. दिवा स्वतः लावते. संडास वर्गणी काढून बांधते. स्वतःची सोय स्वतः करणाऱ्याला सवलत हा न्याय असेल, तर आपल्याला 66 टक्के सवलत का नाही? तिथं त्याला टाउनशिप म्हणतात आणि इथं अतिक्रमण.

गोदीत आम्ही माल उतरवतो. माल न उतरवता पावती फाडली तर त्याला चोरी म्हणतात, पोलीस येतात. घरपट्टीच्या बिलावर पाण्याच्या लाभाचा कर असतो, मलनिःसारणाचा असतो, शिक्षण उपकर असतो. ज्या गल्लीत नळ नाही त्या गल्लीला जललाभ कसला? जोतीरावांनी 1882 साली हंटर कमिशनपुढं हाच हिशेब मांडला होता, पैसा शेतकऱ्याच्या घामाचा आणि शाळा वरच्या जातींच्या पोरांच्या.

बाबासाहेबांनी 1927 साली मुंबईच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना विचारलं होतं, की उत्पन्न नसलेल्याला प्राप्तिकर नाही, मग एका एकरवाल्याला सारा का? त्याच वर्षी 20 मार्चला महाडचं तळं. ते तळं कोणा सावकाराचं नव्हतं, नगरपालिकेचं होतं. सार्वजनिक पैशावर बांधलेले, चालणारे पाणवठे अस्पृश्यांना खुले करा, असा बोल्यांचा ठराव 1923 चा. महाड नगरपालिकेनं 1924 मध्ये तळं खुलं केलं आणि सत्याग्रहानंतर ऑगस्टात तोच ठराव फिरवला. हायकोर्टाचा निकाल यायला 1937 उजाडलं. सार्वजनिक पैसा आणि पाणी यांचं नातं आपल्या बापजाद्यांनी डोकी फोडून घेऊन सिद्ध केलंय. आपण ते घरपट्टीच्या बिलावर का वाचू नये?

म्हणून आपली मागणी नुसत्या माफीची नाही. मुंबईत 2022 साली 500 फुटांपर्यंतच्या घरांना माफी मिळाली, पण ज्याचं घर कागदावरच नाही त्याला माफी कशाची देणार? आपल्याला कागद पाहिजे. राहणाऱ्याच्या नावाची नोंद, भाडोत्र्यालासुद्धा. नळ आल्यावर पाण्याचा कर, गटार आल्यावर गटाराचा. ती पावती पुनर्वसनाला पुरावा धरली पाहिजे. शास्ती बिल्डरवर आणि डोळे मिटणाऱ्यावर.

येत्या रविवारी आपापल्या गल्लीतली बिलं गोळा करा. मालक देणार नाही, फोटो काढा. प्रत्येक ओळीसमोर लिहा: हे आहे, हे नाही. नळ नाही, लिहा. गटार नाही, लिहा. मुदतीच्या आत हरकत वॉर्ड ऑफिसात द्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. साहेब जेवायला गेलेत म्हणतील. थांबा. आपल्याला टँकरच्या रांगेत उभं राहायची सवय आहे.

जय भीम!