लोहमार्ग कोठून न्यावा?

शहरांत नवा लोहमार्ग येणार असें कानीं पडलें कीं सर्वांस आनंद होतो. पण तो आपल्याच दारावरून जाणार असें कळतांच त्या आनंदाची चिंता होते. गाडी हवी, पण तिचे खांब दुसऱ्याच्या अंगणांत असावेत, ही वृत्ति मनुष्यस्वभावास धरूनच आहे. म्हणून मार्गाची निवड हा केवळ यंत्रशास्त्राचा नव्हे, तर न्यायाचाहि प्रश्न आहे, असें आम्हांस वाटतें.

पुण्याच्या मेट्रोचें उदाहरण घेऊं. वनाझ ते रामवाडी हा मार्ग आखतांना दोन ठिकाणीं पेंच पडला. डेक्कन जिमखान्यापुढें गाडी जंगली महाराज रस्त्यावरून न्यावी, कीं त्यामागील मुठेच्या कांठानें? रस्त्यावर दुकानें, झाडें व रहदारी. नदीकांठीं मोकळी जागा. तेव्हां नदीकांठ सोयीचा वाटला. नदीपात्रांतील या सुमारें पावणेदोन किलोमीटरांविरुद्ध कांहीं नागरिकांनीं २०१६ सालीं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. तरी मार्ग अखेर तेथूनच झाला, व १ ऑगस्ट २०२३ रोजीं त्यावरून गाडी धावूं लागली.

दुसरा पेंच नगर रस्त्यावरचा. सरळ मार्ग आगाखान राजवाड्यापुढून जात होता. ह्याच वास्तूंत महात्मा गांधी १९४२ ते १९४४ पर्यंत स्थानबद्ध होते. महादेवभाई देसाई व कस्तुरबा यांनीं येथेंच देह ठेवला. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरांच्या आंत नवें बांधकाम करण्यास कायद्याची मनाई आहे; म्हणून मार्ग कल्याणीनगराकडे वळविला. स्मारकाचा मान राहिला. परंतु मुळा-मुठेच्या कांठीं डॉ. सालिम अली यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या पक्ष्यांच्या वसतिस्थानास उपद्रव होईल, अशी नवी तक्रार उभी राहिली.

कोणी म्हणतील, अशा हरकती ऐकत बसल्यास एकहि काम तडीस जाणार नाहीं. विलंबानें खर्च मात्र वाढेल. या म्हणण्यांत तथ्य आहे. पण विलंब बहुधा विचारण्यानें होत नाहीं, उशिरां विचारण्यानें होतो. रेघ पक्की झाल्यावर लोकांचें मत घेणें म्हणजे पंगत उठल्यावर आमंत्रण धाडणें होय.

आमचें मत विचाराल, तर राजवाड्यापासून दूर वळणें योग्यच होतें. मात्र त्याच वेळीं पक्ष्यांचाहि विचार व्हावयास हवा होता. मुठेच्या बाबतींत मात्र रस्त्याची गैरसोय पत्करणें अधिक बरें झालें असतें. खणलेला रस्ता पुन्हां बुजवितां येतो, दुकानदारास नुकसानभरपाई देतां येते. नदीचें पात्र विकत आणतां येत नाहीं. तें रिकामें दिसलें म्हणून बेवारशी नसतें. खडकवासल्याचें पाणी सुटलें म्हणजे त्याचा धनी कोण, हें पुणेकरांस दरवर्षीं कळतें. शिवाय स्थानक लोकांच्या पायांजवळ असावें. दप्तर घेतलेलें मूल व काठी टेकणारी आजी तेथवर सुखानें चालत जाऊं शकतील काय, हाच मार्गाच्या योग्यतेचा पहिला कस होय. जें गमावल्यास परत मिळणार नाहीं तें वांचतें काय, हा दुसरा.

जून २०२५ मध्यें केंद्र सरकारनें वनाझ ते चांदणी चौक व रामवाडी ते वाघोली अशा १२.७५ किलोमीटरांच्या वाढीव मार्गांस संमति दिली आहे. त्यांवर १३ स्थानकें व्हावयाचीं आहेत. या वेळीं पालकांनीं नकाशे पाहावे, सूचना वेळेवर द्याव्या, आणि आपल्या घरापुरतें न पाहतां शेजाऱ्याच्या घराचाहि विचार करावा. विद्यार्थ्यांनीं तर नियोजित मार्गावरून एकदां पायीं चालून यावें. पुढें साठ-सत्तर वर्षें त्या गाडींत बसावयाचें तें त्यांनाच. मग ती कोठून जावी हें ठरवितांना त्यांचा शब्द कोणी ऐकूं नये काय?