बोट कधी येणार, हे कोण ठरवणार?



मालदीवची राजधानी माले. ४ डिसेंबर २०१४ रोजी तिथल्या समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि सुमारे एक लाख माणसांचे नळ कोरडे पडले. भारताने विमानांनी पाणी पाठवले. नौदलाचे 'दीपक' जहाज मुंबईहून हजार टन पाणी घेऊन गेले. शेजारधर्म पाळला, चांगलेच झाले. पण मालेत वर्षाला दीड हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आपल्या मराठवाड्याच्या दुप्पट. मग तिथे टँकर का लागावा?

उत्तर जमिनीखाली आहे. प्रवाळाच्या बेटात मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यावर सायीसारखे तरंगते. बेताने शेंदले तर विहीर गोडी राहते. जास्त उपसले की खालचे खारे वर येते. मालेत वस्ती वाढली, उपसा वाढला, संडासाची घाण त्याच पाण्यात मुरली. १९७८ साली पटकीची साथ आली. १९८८ पासून यंत्राने पाणी गोडे करणे सुरू झाले. यंत्राने माणसांची सोय केली, हे कबूल. पण जुनी विहीर नासलेली, घरी साठा नाही आणि सारे शहर एकाच कारखान्यावर टांगलेले. एका ठिणगीने ते उघडे पडले.

दूरच्या बेटांवर लोक छपराचे पाणी टाकीत धरतात. जानेवारी ते एप्रिल पाऊस कमी, टाकी लहान. २००४ च्या त्सुनामीने कितीतरी विहिरी खारावल्या. पुढे अनेक वर्षे उन्हाळ्यात कित्येक बेटांना सरकारी बोटीने पाणी पोचवावे लागले.

२००८ च्या राज्यघटनेने स्वच्छ पाणी हा नागरिकांचा हक्क ठरवला. पण मेख मारून ठेवली, सरकारच्या ऐपतीप्रमाणे! दरसाल टंचाई आराखडे पाहणाऱ्यांना ही मेख समजावून सांगायला नको.

आमचे मत स्पष्ट आहे. उन्हाळा निघेल एवढी मोठी टाकी घरोघरी हवी. विहिरीजवळ घाण मुरू देता कामा नये. यंत्र हवेच, पण पाठीशी साठा ठेवून. टाकी एकदा बसली की दर पावसाळ्याला भरते. बोटीचा खर्च मात्र दरसाल नवा, आणि बोट कधी येणार हे तहानलेला माणूस ठरवत नाही. जे पाणी दुसऱ्याच्या मर्जीने येते, त्याला हक्काचे पाणी म्हणता येत नाही.