हात कणकेत, कान ड्युटीवर

पोळ्या करणाऱ्या बाईकडे नाही म्हणायचं एक बिनतोड कारण असायचं: हात कणकेत आहेत. एवढं म्हटलं की विषय संपायचा. फोन वाजून वाजून गप्प व्हायचा, कुरिअरवाला शेजारी पाकीट ठेवून जायचा, नवरा आपला चहा आपण गाळून घ्यायचा. त्यात कुणाला उद्धटपणा दिसत नसे. कणकेने भरलेला हात समोर दिसायचा, म्हणून पटायचा. मग कानात वायरलेस इअरबड्स आले, त्यांत हाक मारली की ओ देणारा मदतनीस आला आणि हे कारण गेलं. माझी तक्रार एवढीच आहे, पण मला ती बरीच मोठी वाटते.

डोंबिवली पूर्वेला आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. ओट्याशी आम्ही चौघी असतो. पहाटे कणीक मळायला घ्यायची, कारण लवकरच्या लोकलवाल्यांचे डबे आधी निघतात. संध्याकाळी हीच माणसं स्टेशनवरून परतताना पोळ्या, एखादी सुकी भाजी, कोशिंबीर घेऊन घरी जातात. ऑर्डरी, हिशेब, उधारी, गॅसवाला हे सगळं मधल्या वेळात. सकाळी मात्र हात एक क्षण रिकामे नसतात. त्यामुळे मुलीने वाढदिवसाला इअरबड्स आणून दिले तेव्हा मी नाक मुरडलं नाही. रंग तेवढा बदलून आणायला लावला. पांढरं बड परातीत पडलं तर पिठात शोधायचं कुठे?

फायदा आहे, आणि तो आधी सांगायला हवा. ॲपलचे पहिले एअरपॉड्स २०१६ मध्ये आले, तेव्हा मदतनीसाला उठवायचं तर कानातल्या दांडीवर दोनदा टिचकी मारावी लागे. २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत नुसती हाक पुरेशी झाली. बाकीच्या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. ऑफिसात बसणाऱ्याला हा फरक किरकोळ वाटेल, आमच्या धंद्यात सगळा फरक तोच. अन्न हाताळणाऱ्याने कान, नाक, केस चोळू नयेत असं एफएसएसएआयच्या नियमांतच आहे. कानाला बोट लागलं की हात धुवा, धुतला की पुसा, तोवर तव्यावरची पोळी करपली. टिचकीवाले बड्स मला फुकट दिले असते तरी उपयोगाचे नव्हते.

हाकेचं तसं नाही. ‘भाताचा टायमर बारा मिनिटं’, ‘खिरीचा टायमर वीस मिनिटं’ असे नावानिशी दोन टायमर लावता येतात, आणि वेळ झाली की कुठला संपला तेही कानात सांगितलं जातं. हिंग संपत आलाय हे डबीत डोकावताना लक्षात येतं आणि दुकानात गेल्यावर विसरायला होतं. आता डोकावतानाच यादीत टाकते. पंचेचाळीस डबे गुणिले सहा पोळ्या हा हिशेब मला तोंडी येतो, पण पहाटे साडेपाचला दुसऱ्या कुणी केला तर माझी हरकत नाही.

भाषेचं म्हणाल तर गूगलचा असिस्टंट २०१८ पासून मराठी बोलतो, आणि बरं बोलतो. गंमत होते ती आपल्यामुळे. आमची निम्मी गिऱ्हाइकं मराठी मेसेज इंग्रजी अक्षरांत लिहितात. ‘उद्या वीस पोळ्या’ असा मेसेज कानातली बाई अशा साहेबी थाटात वाचते की उद्या कळत नाही आणि वीसही कळत नाही. शिवाय माझ्या फोनमध्ये कुलकर्णी इतके आहेत की मी त्यांना ‘कुलकर्णी बी विंग’, ‘कुलकर्णी कमी तिखट’ अशी नावं दिली आहेत. ‘कुलकर्णींना फोन लाव’ म्हटलं की ती विचारते, कोणत्या? मग सगळी यादी वाचते. तेवढ्यात माझ्या दोन पोळ्या होतात.

मी एकच बड घालते, तेही फोनच्या बाजूच्या कानात. हे फॅशन म्हणून नाही. स्वयंपाक अर्धा कानाने होतो. मोहरी तडतडायची थांबली की पुढचं घालायचं, हे बघून कळत नाही, ऐकून कळतं. तळणीतला चरचराट मंदावला म्हणजे पुरीतलं पाणी उडून गेलं. आता झारा घालायला हवा. भात शिजत आला की पातेल्याचा आवाज बदलतो. बड्समधलं नॉइज कॅन्सलेशन एक्झॉस्टची एकसुरी घरघर फार छान गिळतं, कारण सतत येणारा खालच्या पट्टीचा आवाजच त्याला नीट कापता येतो. कुकरची शिट्टी अचानक आणि उंच, ती तशीच आरपार येते. पण रबराच्या टोप्या घालून दोन्ही कान बंद केले की बारीक चरचर, फोडणीचा अंदाज, मागून येणाऱ्या मावशींची चाहूल हे सगळं जातं. गरम कढई घेऊन कुणी मागून येत असताना ‘बाजूला’ ऐकू न येणं काय असतं ते स्वयंपाकघरात काम केलेल्यालाच कळेल.

आवाजाचा आणखी एक मुद्दा आहे. एक्झॉस्टवर मात करायला आवाज वाढवत जायचा मोह होतो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी सांगितलेली मर्यादा आठवड्याला ४० तास, तेही ८० डेसिबलपर्यंत, अशी आहे. आमच्याकडे नुसता मिक्सर लावला तरी एकमेकींशी ओरडून बोलावं लागतं. तेव्हा मी सकाळचे अभंगसुद्धा आता भिंतीवरच्या स्पीकरवर लावते. तसेही ते कानात नीट राहत नाहीत. फोन आला आणि माइक उघडला की जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथला बोलणं आणि ऐकणं दोन्ही एका अरुंद वाटेने न्यावं लागतं, आणि एरवी भरून येणारा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा होतो.

आमच्या एका मावशींनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, “ताई, हे आमचं बोलणं ऐकतं का?” प्रश्न रास्त होता. पोळ्या लाटताना बायका काय बोलतात? दारू पिऊन आलेला जावई, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता, लेकीचं तिसरं स्थळ. हे चार भिंतींतलं बोलणं आमच्या ओट्यावर होतं, कारण इथे सासू नसते. मी त्यांना जमेल तसं सांगितलं. हाक ओळखण्यापुरतं यंत्र आपल्यापाशीच कान देऊन असतं, आणि हाक ओळखली की पुढचं बोलणं बरेचदा इंटरनेटवरून कंपनीकडे जातं. चुकून हाक ऐकल्याचा भास झाला तरी जातं. २०१९ मध्ये ॲमेझॉन, गूगल आणि ॲपल या तिघींच्याही मदतनीसांची काही ध्वनिमुद्रणं तपासणीसाठी माणसं ऐकत होती, हे पाठोपाठ उघड झालं. ॲपलने तेव्हा माफी मागितली, आणि पुढे अमेरिकेतल्या सिरीच्या खटल्यात आरोप अमान्य करतच ९.५ कोटी डॉलरची तडजोड केली. मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मग तुम्हीच काढून ठेवा ना जरा, मला सुनेचं सांगायचंय.” मी बड डबीत घातलं. फोन विकत घेणारी मी, अटी मान्य करणारी मी. ओट्याशी उभ्या असलेल्या बाकीच्या तिघींना कुणी काय विचारलं होतं?

पण माझं मुख्य दुखणं त्याहून साधं आहे. गिऱ्हाइकांना कळलंय की ताई आता उचलतात.

सकाळी ऐन घाईत फोन येतात. आज एक पोळी कमी. आज भाजी कुठली? भेंडी असेल तर नको. लेकीच्या डब्यात लोणचं वेगळ्या पुडीत. एकेक फोन अर्ध्या मिनिटाचा आणि एकही विनाकारण नाही. पण आम्ही लाटताना मोजत असतो. बोलताना ‘तीन पोळ्या’ म्हटलं की मनातला आकडा पुसला जातो आणि चळत पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागते. घडीची पोळी लाटताना हाताखाली कड जाड राहतेय हे बोटांना कळतं, पण लक्ष कुलकर्णींच्या लोणच्यात असलं तर बोटांचं ऐकायला कुणी नसतं.

मुलगी म्हणते, नको उचलूस. तिला वाटतं तितकं ते सोपं नाही. भिंतीपाशी वाजणारा फोन खोलीत वाजतो, त्याच्याकडे दुर्लक्ष करता येतं. कानातला थेट डोक्यात बोलतो. आधी नाव सांगतो, मग उचलू का म्हणून विचारतो, आणि त्याला नको म्हणायलाही बोलावंच लागतं. दुसरी गोष्ट अशी की पूर्वी नाही म्हणायचे ते माझे हात. त्यांच्यावर कुणी रुसत नव्हतं. आता नाही म्हणते ती मी. ‘ताई हल्ली फोन उचलत नाहीत’ हे वाक्य पोळी-भाजी केंद्रासाठी बरं नाही.

समाजशास्त्र शिकणाऱ्या याच मुलीने मला एका अमेरिकन इतिहासकार बाईंबद्दल सांगितलं. रूथ श्वार्ट्झ कोवन यांचं नाव. त्यांनी १९८३ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाचं म्हणणं असं की घरात यंत्रं आली तरी बाईचं काम कमी झालं नाही. यंत्रामुळे अपेक्षा वाढल्या आणि वाचलेला वेळ त्यांनी खाल्ला. मला हे सांगायला अमेरिका कशाला हवी होती? पाटा-वरवंटा होता तेव्हा चटणी आठवड्यातून दोनदा व्हायची आणि सगळे गोडीने खायचे. मिक्सर आला आणि रोजची वेगळी चटणी हा घराचा हक्क झाला. इअरबड्सनेही माझी मेहनत वाचवली आणि वाचलेली जागा गिऱ्हाइकांना भाड्याने दिली. भाडं मात्र माझ्याकडे आलेलं नाही.

ज्यांना खरंच हात चालवता येत नाहीत किंवा पडद्यावरचं दिसत नाही, त्यांच्या बाबतीत मी हे बोलत नाही. आमच्या एका आजींची नजर जवळजवळ गेली आहे. त्या कुणाची मदत न घेता फोनला सांगून मला फोन लावतात. त्यांच्यासाठी हे यंत्र सोन्याचं आहे, आणि त्यांचा फोन मी कधीही उचलते.

ओट्यावर निदान पोळी जाड होते. रस्त्यावर काय होतं? आमचे डबे पोचवणारा मुलगा दुचाकीवर असतो, हेल्मेटखाली त्याच्या कानात बड असतं, आणि गिऱ्हाइकं त्याला गाडी चालू असताना फोन करतात. दोन नंबरच्या गेटने ये. वॉचमनकडे ठेव. कुठे पोचलास? कायदाही या गिऱ्हाइकांच्याच बाजूने विचार करतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ ला दुरुस्ती झाली, आणि धोकादायक वाहन चालवण्याच्या व्याख्येत ‘हातात धरलेलं’ संपर्काचं साधन वापरणं आलं. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. हातात धरलेलं. म्हणजे हात हँडलवर असले की माणूस मोकळा, असं कायदा धरून चालतो.

अमेरिकेत युटा विद्यापीठाच्या डेव्हिड स्ट्रेयर यांनी ट्रिपल ए फाउंडेशनसाठी याच गोष्टीचा अभ्यास केला. २०१५ मध्ये त्यांनी दाखवलं की बोलून हुकूम दिल्यावर चालकाचं लक्ष लगेच परत येत नाही. काही यंत्रणांत ते पूर्ण परतायला २७ सेकंदांपर्यंत लागतात. तो अभ्यास मोटारींतला होता. पण आमचा मुलगा ताशी ३० च्या वेगाने जात असेल तर तेवढ्या वेळात २२५ मीटर पुढे जातो, आणि डोंबिवलीत २२५ मीटरमध्ये किती रिक्षा वळतात, किती खड्डे लागतात आणि किती आज्या भाजीच्या पिशव्या घेऊन मध्येच रस्ता ओलांडतात, ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

उपाय शोधायला कुणाला प्रयोगशाळेत जायला नको. गाडी चालू आहे हे फोनला कळतं. आयफोनमध्ये गाडी चालवताना सूचना थांबवायची सोय २०१७ पासून आहे. तीच सोय मालाची ने-आण करणाऱ्या ॲपमध्ये सक्तीची का नाही? चाक फिरत असताना फोन मुलाच्या कानापर्यंत जाऊच नये, गिऱ्हाइकाला आपोआप उत्तर जावं की तो थांबला की बोलेल. आणि कायद्यातला ‘हातात धरलेलं’ हा शब्द काढावा, निदान ज्यांची रोजीच दुचाकीवर आहे त्यांच्यासाठी. दंड मुलाला करायचा का, हा वेगळा प्रश्न आहे. तो स्वतःहून कुणाशी गप्पा मारत नसतो. त्याला फोन करणाऱ्याला, आणि न उचलल्यास तारे कापणाऱ्या ॲपला, यातलं काहीच लागत नाही.

आमच्यापुरतं मी ठरवून टाकलं आहे. पत्ता, गेट, विंग, मजला, वॉचमन की दार, हे सगळं आदल्या रात्री चिठ्ठीवर लिहून डब्याला लावायचं. मुलाचा नंबर गिऱ्हाइकांना द्यायचा नाही. बदल सांगायचे ते सकाळी साडेसहाच्या आत मेसेजवर, शक्यतो देवनागरीत. पोळ्यांची शेवटची चळत उतरेपर्यंत माझं बड डबीत. टायमर लावायला भिंतीवर एक साधं घड्याळ आणलंय, पिठाच्या हाताने फिरवलं तरी चालणारं.

बी विंगच्या कुलकर्णींना हे पटलं नाही. एवढ्या सोयी असताना बोलता येत नसेल तर काय उपयोग, म्हणाले, आणि पुढच्या सोमवारपासून त्यांनी दुसरीकडे डबा लावला. दोन डबे कमी झाले. महिन्याच्या हिशेबात ते दिसतात.