चपलेचा दुसरा पाय कुठे गेला?

ज्या घरात कुत्रा आहे त्या घरात चपलांचा जोड जोडीनेच सापडेल, अशी खात्री कुणी देऊ नये. एक पाय दाराशी असतो आणि दुसरा कॉटखाली. त्या दुसऱ्याचाही अंगठा कुरतडून झालेला असतो. घरातला कर्ता माणूस सकाळची विरार-चर्चगेट गाठायच्या घाईत एका पायावर उभा राहून आरडाओरडा करीत असतो, आणि ज्याने हे केले तो पंख्याखाली पोट वर करून निवांत झोपलेला असतो. भगिनींनो, हे चित्र तुमच्या घरचे असेल तर पुढे वाचा. पिल्लू आणायचे घाटत असेल तर मग अवश्य वाचा.

आपल्या वसई भागात पूर्वी कुत्रा असे तो वाडीचा. केळीच्या, भाजीच्या, फुलांच्या वाडीत तो राखणीला असे. त्याला नाव असे पण पट्टा नसे. उरलेला भात-भाकर खायची, दिवसभर माती उकरायची आणि रात्री भुंकायचे, हा त्याचा संसार. आता नालासोपारा, विरारच्या इमारतींत एक खोली आणि स्वयंपाकघर एवढ्या जागेत त्याचा मुक्काम आला. कुत्रा तोच आहे, पण वाडी गेली. माती नाही म्हणून तो गादी उकरतो. भुंकायला चोर नाही म्हणून कुरियरवाल्यावर भुंकतो. साऱ्या तंट्याचे मूळ हे आहे.

आमच्या घरी असे दोन तंटेखोर आहेत. मोती हा मुलांनी भाजीबाजारातून शाळेच्या दप्तरात घालून आणलेला गावठी. ठमी ही लांब कानांची. एका ओळखीच्या घरच्यांनी गावाला जाताना ‘आठ दिवस ठेवा’ म्हणून दिली. त्या आठ दिवसांना आता कित्येक वर्षे झाली.

सुकट, साडी आणि रिमोट

मोत्याचा पहिला पराक्रम गच्चीवरचा. शेजारच्या काकूंनी पावसाळ्याची बेगमी म्हणून सुकट वाळत घातले होते. कापड पसरलेले, चार कोपऱ्यांवर चार दगड. मोत्याने दगडांना धक्का लावला नाही, कापड फाडले नाही, मधले सुकट मात्र चाटूनपुसून साफ केले. काकू जिन्यावरूनच ओरडत आल्या, “अगं ए, तुझ्या त्या मोत्याला बघ जरा! पावशेर सुकट खाऊन मिशा पुसतोय मेला!” संध्याकाळी अर्धा किलो सुकट नेऊन दिले तेव्हा त्या शांत झाल्या. आज त्याच काकू बोंबलाची डोकी वेगळी काढून ठेवतात आणि खालून हाक मारतात, “मोत्या, ये रे बाबा!” शेजारधर्म असा सुकटातूनही जुळतो.

ठमीचा स्वभाव वेगळा. तिला प्रेमाचा पुळका फार. वैशाख पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात निघावे आणि हिने पावसाने ओल्या झालेल्या अंगणातून धावत येऊन दोन्ही पाय छातीवर ठेवावेत! पांढऱ्या साडीवर चिखलाचे दोन पंजे. मुले हसून लोळतात. सासूबाई म्हणतात, “असू दे, तिलाही सण आहे.” टीव्हीचे रिमोट दोन गेले, मुलीच्या गणिताच्या वहीचे शेवटचे पान गेले. बाईंना खरे कारण सांगितले तर त्यांनी विश्वास ठेवला नाही.

खोडीमागचे कारण

आता गमतीचा भाग सोडून जरा आत पाहू. कुत्रा वस्तू चावतो तेव्हा तो आपल्यावर सूड घेत नसतो. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत त्यांच्या जागी ४२ पक्के दात येतात. हिरड्या शिवशिवतात म्हणून ते सापडेल ते चावते. आपले तान्हे मूल दात येताना चमच्याची दांडी चावते ना? तसेच हे. अशा वेळी जुन्या सुती कापडाची घट्ट गाठ मारून द्यावी, गार गाजर द्यावे आणि चपला उंच फळीवर ठेवाव्यात. फळी पिल्लाला शिकवण्यापेक्षा लवकर काम करते.

दात येऊन गेले तरी खोड्या थांबत नसतील तर कारण बहुधा कंटाळा. घरची सारी माणसे सकाळी लोकलला जातात आणि रात्री परततात. कुत्रा दिवसभर दाराकडे तोंड करून बसतो. त्याच्या अंगात ताकद भरलेली आणि खर्च करायला जागा नाही. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास साखळी लावून फिरवले तर निम्म्या खोड्या आपोआप कमी होतात. फिरताना त्याला वास घेऊ द्यावा. आपण वर्तमानपत्र वाचतो, तो खांब हुंगतो. बातम्या त्याच!

आणखी एक गोष्ट. आपण घरी येतो, फाटलेली उशी पाहून ओरडतो आणि कुत्रा कान पाडून, नजर चुकवून बसतो. आपण म्हणतो, “बघा, कळतंय त्याला!” अमेरिकेत अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधिकेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले, की हा अपराधी चेहरा कुत्र्याने खोडी केली आहे की नाही यावर अवलंबून नसतो. मालक रागावला की निरपराध कुत्राही तसाच चेहरा करतो. तासाभरापूर्वीच्या उशीचा आणि आताच्या माराचा संबंध त्याला लागत नाही. त्याला एवढेच कळते, की दार उघडून आलेले माणूस मारते. म्हणून मारू नये. चावताना पकडले तर ठामपणे ‘नाही’ म्हणावे, तोंडातली वस्तू काढून घेऊन त्याची स्वतःची द्यावी. ती घेतली की पाठ थोपटावी.

पाण्याचे ते दिवस

एवढा उपद्रव सोसायचा कशासाठी, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी २०१८ च्या जुलै महिन्याची आठवण देते. वसई-विरार पाण्याखाली गेले होते. १० जुलैला नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी चढून लोकल बंद पडल्या, अडकलेल्या गाड्यांतून प्रवाशांना सोडवावे लागले. वीज नव्हती. आमच्या तळमजल्यावरच्या आजी दोन रात्री आमच्या घरी होत्या. त्या कुत्र्यांना घाबरत. मोत्याच्या दाराशी वळसा घालून जात.

पहिल्या रात्री अंधारात मोती जिन्याच्या तोंडाशी उभा राहून असा भुंकू लागला, की थांबेना. मेणबत्ती घेऊन पाहिले तर पाण्याबरोबर आलेली पाणदिवड तिसऱ्या पायरीवर वेटोळे घालून बसलेली. साप बिनविषारी, पण अंधारात पाय पडला असता तर आजींच्या वयाला ती घाबरणूक पुरेशी होती. दुसऱ्या रात्री पाहिले तो मोती आजींच्या कॉटखाली आणि ठमी पायथ्याशी. आजींचा हात ठमीच्या डोक्यावर होता. पाणी ओसरल्यावर जाताना आजी मुलांना म्हणाल्या, “त्यांना उपाशी ठेवू नका रे.” हे सुख कुठल्या दुकानात विकत मिळत नाही.

हौस आणि जबाबदारी

मात्र कुत्रा पाळणे ही केवळ आपल्या घरापुरती गोष्ट नाही. रेबीजची लस पिल्लाला तीन महिन्यांच्या सुमारास द्यावी आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या मुदतीने देत राहावे. आपल्याकडे पावसाळ्यात पाणी तुंबते आणि त्यात उंदरांचे मूत्र मिसळते, म्हणून लेप्टोच्या लसीचेही विचारावे. पावसात गोचिडी वाढतात, तेव्हा कान आणि बोटांच्या बेचक्या रोज पाहाव्यात. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा, लसूण हे कुत्र्याला बाधते. आपल्या तापाची गोळी त्याला देऊ नये. कोंबडीची शिजलेली हाडे तुकडे होऊन आतड्यात रुततात, म्हणून रविवारच्या ताटातली हाडे त्याला घालू नयेत.

कुत्रा कुणाला चावला, घरचा असो की रस्त्यावरचा, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची लावू नये. मांत्रिकाकडे जाऊ नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा आणि इंजेक्शने सांगितलेल्या साऱ्या तारखांना पुरी करावीत. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चरने जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ही लस दिली आणि तो वाचला. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर मात्र आजही माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. तेव्हा जे करायचे ते आधीच.

शेजाऱ्यांचेही ऐकावे. कुणाला कुत्र्याची भीती वाटते, त्याची टिंगल करू नये. जिन्यात साखळी हातात घट्ट धरावी. त्याने केलेली घाण आपण उचलावी. दुसऱ्या बाजूने, सोसायटीने बहुमताने ठराव केला म्हणून कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, असे ॲनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण सूचनांचा कागद घेऊन भांडण्यापेक्षा पिशवी आणि खुरपे घेऊन खाली उतरणारा माणूस सोसायटीत लवकर जिंकतो.

पट्टा असलेली बेवारशी कुत्री

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते. महामार्गाच्या कडेला, विरार फाट्याच्या बाजूला, कधी स्टेशनबाहेर एखादा कुत्रा दिसतो. अंगावर केस चांगले असतात, गळ्यात पट्टा असतो. तो प्रत्येक थांबणाऱ्या रिक्षाकडे धावत जातो, आत पाहतो आणि परत येऊन बसतो. तो हरवलेला असेलच असे नाही. पुष्कळदा तो सोडलेला असतो. मुलाच्या वाढदिवसाला आणलेले पिल्लू मोठे होते, सोफा फाडते, घरमालक कुरकुरतो, आणि एका रात्री त्याला गाडीतून दूर नेऊन उतरवतात. रस्त्यावरच्या कुत्र्याला निदान आपली गल्ली ठाऊक असते. याला ना गल्ली ना गोत. भाजीबाजारातली कुत्री त्याला टिकू देत नाहीत.

प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये. वडापावच्या दोन-तीन प्लेटींचे पैसे! दंड लहान आहे म्हणून कृत्य लहान होत नाही. आणि घरातली मुले हे पाहत असतात. त्रास द्यायला लागला की आपल्यावर अवलंबून असलेल्याला बाहेर सोडायचे असते, हा धडा त्यांनी एकदा घेतला तर तो ती कुत्र्यापुरताच लक्षात ठेवतील, याची हमी काय?

आपल्या भागातल्या दगडांनी या बाबतीत फार पूर्वी सांगून ठेवले आहे. सोपाऱ्याला १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. जवळच्या भुईगावला १९५६ मध्ये नवव्या लेखाचा तुकडा सापडला. या नवव्या लेखाचा आशय असा, की लोक आजारपणात, लग्नात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना नाना मंगलविधी करतात. पण खरे फळ देणारे मंगल वेगळे आहे. दास आणि नोकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा मान राखणे, प्राणिमात्रांशी संयमाने वागणे, दान देणे, हे ते मंगल. हा लेख वसईच्या किनाऱ्यावर, आपल्या दारातच सापडला आहे.

तेव्हा पिल्लू आणण्याआधी घरात चार प्रश्न विचारावेत. रोज फिरवणार कोण? गावाला गेल्यावर ठेवायचे कुठे? लस, डॉक्टर आणि खाणे यांचा खर्च महिन्याच्या हिशेबात बसतो का? आणि दहा-बारा, कदाचित पंधरा वर्षे हे सारे चालणार आहे ना? आज तिसरीत असलेला मुलगा तोवर कॉलेजात गेलेला असेल. एकाही प्रश्नाला उत्तर नसेल तर पिल्लू आणू नये. शेजारच्या कुत्र्याशी मैत्री करावी, तीही कमी आनंदाची नाही.

चारही उत्तरे असतील तर पैसे मोजून लांबून जात आणण्याची गरज नाही. आपल्या गल्लीतले गावठी पिल्लू इथल्या उकाड्याला, पावसाला सरावलेले असते. ते आणावे, त्याची लस आणि वेळेवर नसबंदी करावी, म्हणजे पुढची पिल्ले रस्त्यावर येत नाहीत. आणि पुढच्या लसीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर गॅसच्या नंबरशेजारी आजच लिहून ठेवावी. हां, कॅलेंडर मात्र जरा उंचावर टांगावे.