यंत्र ठणठणीत, पत्ता चुकलेला!

मैत्रिणींनो, महिला मंडळाच्या किंवा बचत गटाच्या खोलीत एखादा जुना संगणक असतोच. कुणीतरी दिलेला, कव्हर घालून जपलेला. एक दिवस त्यावर 'आयपी अ‍ॅड्रेस कॉन्फ्लिक्ट' अशी पाटी येते, नेट बंद पडतं आणि लगेच निकाल लागतो, "जुना झाला, द्या भंगारात!" निकाल देणारा दुसराच कुणी, आणि माना डोलावणाऱ्या आपण. मला हे मुळीच पटत नाही.

अहो, दुखणं काय ते तरी बघा! एका राउटरला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा वेगळा पत्ता लागतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०. एरवी हे पत्ते राउटरच वाटतो. पण जुन्या संगणकात पूर्वी कुणीतरी तो हाताने कायमचा भरून ठेवलेला असतो. यालाच स्टॅटिक आयपी म्हणतात. आता तोच पत्ता राउटरने एखाद्या मोबाइलला दिला, की एकाच घरात दोन बिऱ्हाडं! कधी राउटर नवा येतो आणि १९२.१६८.० च्या गल्लीतले पत्ते वाटू लागतो. आपला संगणक मात्र १९२.१६८.१ च्या जुन्याच गल्लीत बसून राहतो. मग पाटीही येत नाही, नुसतं नेट चालत नाही.

उपाय पाच मिनिटांचा. कंट्रोल पॅनेलमधून नेटवर्कची जोडणी शोधा, तिच्यावर उजवं बटण दाबून 'प्रॉपर्टीज' उघडा आणि 'इंटरनेट प्रोटोकॉल'मध्ये जा. विंडोज ७ असेल तर 'व्हर्जन ४' लिहिलेलं घ्या. तिथले आकडे आधी वहीत उतरवा. मग पत्ता आणि त्याखालचं डीएनएस, दोन्हीकडे 'ऑटोमॅटिकली' हा पर्याय निवडून ओके करा. एवढं करूनही पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला, तर राउटरकडून पत्ता पोचलेलाच नाही असं समजा. केबल नीट बसवा, राउटर बंद करून पुन्हा चालू करा.

एक मात्र नक्की. विंडोज एक्सपीची सुरक्षा २०१४ मध्ये आणि विंडोज ७ ची २०२० मध्ये कंपनीने थांबवली. तेव्हा अशा संगणकावर बँकेचे व्यवहार नकोतच. पण पत्रं, इतिवृत्त, सभासदांच्या याद्या यासाठी तो अजून कामाचा आहे.

गटाच्या पै-पैचा हिशेब आपण चोख ठेवतो, कपाटाची किल्ली कुणाकडे हे सगळ्यांना माहीत असतं. मग चार आकडे बघायला दरवेळी बाहेरचा माणूस का बोलवायचा? पुढच्या बैठकीत हिशेबाच्या वहीचं एक पान राखून ठेवा: कोणत्या यंत्राला कोणता पत्ता, कधी बदलला, कुणी बदलला. आणि दोघी-तिघींनी तरी हे स्वतःच्या हाताने करून बघा. भंगाराचा निर्णय त्यानंतर घेऊ!